कमरेखालचा बधिरपणा: पाठीच्या खालच्या नसांपर्यंत पोचलेल्या कर्करोगाचं एक प्रकरण

मी पुण्यात रेडिएशन देणारा डॉक्टर आहे. ही हकिगत आमच्या ओपीडीत आलेल्या एका काकूंची. ओळख पटू नये म्हणून वय, राहण्याचा भाग आणि तारखा थोड्या बदलल्या आहेत. बाकी जसं घडलं तसं. हे लिहिण्याला घरच्यांची परवानगी आहे. सुनेने तर तिची नोंदवही माझ्याकडे आणून दिली. त्या वहीत लघवीच्या पिशवीचे मिलिलिटर, मॉर्फिनच्या गोळीची वेळ आणि त्याच पानावर वाण्याची यादी, सगळं एकत्र आहे. तारखांच्या बाबतीत मी आमच्या केसपेपरपेक्षा तिच्या वहीवर जास्त भरवसा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

काकू ५७ वर्षांच्या. धायरीत घर. काका कारखान्यातून निवृत्त, मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू सातवीत. काकू उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि दिवाळीत चकल्या ऑर्डरप्रमाणे करून द्यायच्या. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर.

सहा वर्षांपूर्वी त्यांना डाव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि नंतर पाच वर्षं हार्मोनची गोळी, असं सगळं नीट पार पडलं होतं. प्रकार लोब्युलर होता. ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या प्रकारात पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडेरिन नावाचं प्रथिन नाहीसं झालेलं असतं. त्यामुळे पेशी गाठ करून बसण्याऐवजी एकेकट्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या पसरतात. उलटला तर हा आजार पोटाच्या आतल्या अस्तरात, आतड्यांवर, मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणात अशा भलत्या जागी उगवतो. काकूंच्या फायलीत पॅथॉलॉजीचा तो कागद अकराव्या पानावर होता. फाईल कपाटात होती आणि कंबरदुखीसाठी ती कोणी बाहेर काढली नव्हती.

तक्रार कशी वाढत गेली

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी गॅसचा सिलेंडर सरकवला आणि कंबर धरली. दुखण्याला कारण मिळालं की सगळे निवांत होतात. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग ट्रॅक्शन, मग पट्टा. दुखणं डाव्या पायात उतरलं, तेव्हा सायटिका हे नाव मिळालं. पुढे उजव्याही पायात चमक यायला लागली. सायटिका सहसा एका बाजूची असते. दोन्ही पाय धरले की थांबून विचार करायला हवा. पण तोवर पाय जरा बधिर वाटायला लागले होते आणि त्याला मधुमेह हे दुसरं तयार कारण हजर होतं.

जुलैच्या शेवटी एमआरआय झाला, साधा, काँट्रास्टचं (आजारी भाग उजळून दाखवणारं) इंजेक्शन न देता. मागणीच्या चिठ्ठीवर ‘कंबरदुखी, डावा पाय’ एवढंच होतं. रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती थोडी सरकलेली. पन्नाशीनंतरच्या बऱ्याच कमरांमध्ये असं काहीतरी सापडतंच. घरी ‘गॅप आलाय’ हे ठरलं. काकू रात्रभर खुर्चीत बसून राहायच्या, कारण आडवं झालं की दुखणं वाढायचं. सून शेकाची पिशवी भरून द्यायची.

आमच्याकडे त्या आल्या एका गुरुवारी, ठरलेल्या सहामाही तपासणीला, तीही दोन महिने उशिरा. कंबरदुखी हा त्या भेटीचा विषयच नव्हता. मी विचारलं, “लघवी-शौचाला काही त्रास?” उत्तर काकांनी दिलं, “लघवी होते हो नीट. संडासला घट्ट होतंय, त्या गोळ्यांमुळे. पाय बधिर होतात ते शुगरचं.” काकूंनी मान हलवली. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

गोष्ट उलगडली ती पडद्यामागे. स्तनाची तपासणी झाल्यावर काकूंना टेबलावरून उठता येईना, म्हणून सिस्टरने कुशीवर वळवलं. साडी सरकली आणि डाव्या ढुंगणावर रुपयाएवढा, पाण्याने भरलेला फोड दिसला. शेकाच्या पिशवीचा. सिस्टरने विचारलं, “काकू, हे भाजलेलं कळलं नाही?” त्या गप्प. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “धुताना हाताला गरम लागतं, अंगाला नाही.”

लघवीचं विचारल्यावर कळलं, की ती लागते असं कळत नाही. ठरावीक वेळाने जाऊन पोट दाबून काढायची, तरी थेंब थेंब होते. तीन आठवडे झाले होते. काकांना माहीत नव्हतं, मुलाला माहीत नव्हतं. सुनेला शंका होती, पण सासूला असलं कसं विचारायचं?

निदान

इथे थोडी शरीररचना सांगायला हवी. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात अगदी खालपर्यंत जात नाही; तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नसांच्या मुळांचा झुबका लोंबत असतो. लॅटिनमध्ये त्याला कॉडा इक्विना, म्हणजे घोड्याचं शेपूट म्हणतात. पायांची हालचाल, मांड्यांच्या आतली आणि बैठकीच्या भागाची संवेदना, लघवी आणि शौच, सगळ्याच्या तारा या झुबक्यातून जातात. घोड्यावर बसल्यावर जो भाग खोगिराला टेकतो, नेमका तोच बधिर होणं ही या नसांची खूण.

या नसा मेंदूभोवतीच्याच पाण्यात डुंबत असतात. शरीरात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि रोज सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार होतं. कर्करोगाच्या पेशी एकदा त्या पाण्यात उतरल्या की कुठेही जाऊ शकतात, पण बुडाला साखर बसावी तशा खालच्या टोकाला जास्त साठतात.

त्याच दिवशी कॅथेटर घातला. ७५० मिलिलिटर लघवी निघाली आणि काकूंना पोट भरल्याचं जाणवतही नव्हतं. डावं पाऊल वर ओढण्याची ताकद पाचापैकी चार. गुदद्वाराचा आवळ सैल. डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड चालू केलं, दिवसाला १६ मिलिग्रॅम, आणि अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या सकाळी शुगर ३८०. इन्सुलिन लागलं.

शुक्रवारी रात्री संपूर्ण मणक्याचा आणि मेंदूचा एमआरआय काँट्रास्ट देऊन केला. मेंदूत काही नाही. पण कमरेच्या भागात नसांच्या मुळांवर जपमाळेच्या मण्यांसारख्या चमकणाऱ्या गुठळ्या, सर्वात मोठी सात मिलिमीटरची. हाडात काही नव्हतं. म्हणजे मणक्याच्या हाडात गाठ वाढून नसा बाहेरून दाबल्या जातात तो प्रकार हा नव्हता. इथे आजार थेट नसांवरच बसला होता. जुलैचा साधा एमआरआय आम्ही पुन्हा लावून पाहिला. उत्तर माहीत असताना मुळं जरा गुठळीदार दिसत होती. न सांगता मला ती दिसली असती असं मी म्हणणार नाही.

शनिवारी संध्याकाळी पाठीतलं पाणी काढलं. इथे आम्ही चुकलो. सुई नीट बसत नव्हती म्हणून जेमतेम ३ मिलिलिटर घेतलं आणि रविवार असल्यामुळे नमुना सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये राहिला. या तपासणीला किमान १० मिलिलिटर लागतं आणि ते लगेच प्रयोगशाळेत पोचावं लागतं; पेशी पटकन विरघळतात. मंगळवारचा रिपोर्ट: प्रथिनं १८० (साधारण ४५ पर्यंत असतात), साखर कमी, कर्करोगाच्या पेशी नाहीत. पहिल्या नमुन्यात पेशी न सापडणं जवळजवळ निम्म्या रुग्णांत होतं; दुसऱ्या नमुन्यानंतर सापडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. गुरुवारी पुन्हा काढलं, १० मिलिलिटर. निवासी डॉक्टर नळी हातात घेऊन स्वतः प्रयोगशाळेत गेला. शुक्रवारी पेशी सापडल्या: हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या), सहा वर्षांपूर्वीच्याच.

त्या आठवड्यात डाव्या पावलाची ताकद चारावरून तीनावर आली.

कोणते पर्याय होते

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं बसलो: मी, केमोच्या मॅडम, न्यूरोसर्जन आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या, डॉक्टर.

ऑपरेशन पहिल्यांदा बाद झालं. मुलाने इंटरनेटवर वाचलं होतं की कर्करोगाने मणका दाबला तर तातडीने ऑपरेशन केलेलं चांगलं. ते खरं आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के लोक चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. पण तो अभ्यास मज्जारज्जू बाहेरून दाबला जाण्याचा होता आणि फक्त घोड्याच्या शेपटाच्या नसा दबलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. काकूंच्या नसांवरचे मणी चिमट्याने वेचून काढता येत नाहीत. मुलाला हे पटायला अर्धा तास लागला. न्यूरोसर्जनने त्याला एमआरआय पडद्यावर दाखवला, तेव्हा तो गप्प झाला.

दुसरा पर्याय पाठीच्या पाण्यातच औषध सोडण्याचा. मेथोट्रेक्सेट, एका वेळी १२ मिलिग्रॅम, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. दर वेळी पाठीत सुई, नाहीतर टाळूच्या कातडीखाली एक छोटी घुमटी बसवायची आणि तिच्यातून औषध त्या पाण्यात सोडायचं. ओमाया या न्यूरोसर्जनची ही युक्ती १९६३ सालची आणि अजून तशीच चालू आहे. पण हे औषध गुठळीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल शिरत नाही. पाण्यात सुट्ट्या तरंगणाऱ्या पेशींवर आणि पातळ थरावर ते चालतं. सात मिलिमीटरच्या मण्यावर त्याचा भरवसा नाही.

तिसरा पर्याय डोक्यापासून शेपटापर्यंत सगळ्या भागाला रेडिएशन. आमच्या नेहमीच्या मशीनवर ते केलं तर मणक्यातला सगळा अस्थिमज्जा आणि पुढची आतडी भाजून निघतात. प्रोटॉनने, म्हणजे ठरलेल्या खोलीवर थांबणाऱ्या कणांच्या रेडिएशनने, हे बरंच टळतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ रुग्णांच्या अभ्यासात, मुख्यतः स्तन आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, प्रोटॉन घेतलेल्यांमध्ये आजार पुन्हा वाढायला साडेसात महिने लागले, नेहमीच्या मर्यादित रेडिएशनमध्ये २.३ महिने. फरक मोठा आहे. महाराष्ट्रात प्रोटॉन मशीन टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आहे. म्हणजे पुन्हा तपासण्या, पुन्हा प्लॅनिंग, मुलाची रजा आणि नवी मुंबईत मुक्काम. आणि पाऊल रोज खाली पडत होतं.

चौथा पर्याय फक्त कमरेच्या भागाला रेडिएशन आणि पाठोपाठ तोंडाने घ्यायची केमो, कॅपेसायटाबिन. पाचवा: दुखणं थांबवणं, बाकी काही नाही.

काकूंना काय विचारलं

मुलगा बाहेरच्या बाकावर मला म्हणाला, “आईला सांगू नका, ती खचेल.” हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी मी ऐकतो. पॅलिएटिव्हच्या डॉक्टर मुलाला म्हणाल्या, “आम्ही आपणहून काही सांगत नाही. त्या जे विचारतील त्याचं उत्तर खोटं देणार नाही. चालेल?” तो हो म्हणाला, बहुधा आई काही विचारणार नाही या भरवशावर.

काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला. “परत तोच आलाय ना?”

हो म्हटलं. त्या काकांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग मला किती दिवस ते नका सांगू. चालता येईल का ते सांगा. आणि संडासला माझी मी गेले पाहिजे. सुनेने माझं करायचं, हे मला नको.”

या आजारात उपचार न केल्यास हातात साधारण चार ते सहा आठवडे असतात. उपचार केल्यास काही महिने. स्तनाच्या कर्करोगात इतरांपेक्षा जरा बरं. हे आकडे मुलाने आणि सुनेने विचारले, त्यांना सांगितले. काकूंनी विचारले नाहीत, त्यांना सांगितले नाहीत. पण त्यांनी जे मागितलं त्याचंही उत्तर अवघड होतं. मेलेली नस परत उगवत नाही. पाय जिथे आहे तिथे धरून ठेवता येईल, थोडा सुधारेलही. लघवीवरचा ताबा तीन आठवड्यांपूर्वी गेलेला, तो परत येण्याची आशा कमी. हे मी तसंच सांगितलं. “बरं,” म्हणाल्या. “मग पायाचं बघा.”

त्यामुळे निवड झाली. पाय वाचवायचा तर जे सगळ्यात लवकर सुरू होतं ते: चौथा पर्याय.

काय केलं

आता किती दिवस रेडिएशन द्यायचं हा प्रश्न. पाच दिवसांत २० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप) की दहा दिवसांत ३० ग्रे? नसा बाहेरून दाबल्या जातात तेव्हा छोटे कोर्स जवळपास तेवढंच काम करतात. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात तर एकाच दिवशी ८ ग्रे दिलेले आणि पाच दिवसांत २० ग्रे दिलेले, आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे सुमारे ६९ आणि ७३ टक्के होतं. पण इथे आजार नसेवरच आणि काकू तशा धडधाकट. मला जास्त टिकणारं हवं होतं, म्हणून दहा.

त्यात गणपती. घरच्या गौरी रविवारी गेल्या, सोमवारी रेडिएशन सुरू झालं आणि गुरुवारी अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. मशीन एक दिवस बंद राहणार हे ठरलेलंच, पण शुक्रवारी सकाळी धायरीहून येणार कसं? पाच दिवसांचा कोर्स घेतला असता तरी मध्ये हीच खिंड लागली असती. शेवटी काकूंच्या बहिणीचं घर उपयोगी पडलं, हॉस्पिटलच्या बाजूचं. दोन आठवडे त्या तिथेच राहिल्या. सिंहगड रोडवरच्या खड्ड्यांतून रिक्षाने रोज ये-जा केली असती तर दुखण्याचं काय झालं असतं, ते पहिल्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं होतं.

आमच्याकडे पेशंट रेडिएशनला शेकच म्हणतात. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, “याचा फोड नाही ना येणार?” येत नाही. मळमळ झाली, शेवटच्या तीन दिवसांत जुलाब झाले. बद्धकोष्ठ होतं तिथे जुलाब, त्यामुळे त्यांना ते बरंच वाटलं.

दुखण्यासाठी प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याचं औषध) आणि मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ चा अंमली पदार्थ कायदा २०१४ साली सुधारला, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी मुलगा चार दुकानं फिरून आला आणि मग चिठ्ठी घेऊन आमच्याच फार्मसीत गेला. हे त्याला आधीच सांगायला हवं होतं.

रेडिएशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, त्यात दीड दिवस गेला. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, मार्ग काढला.

शौचासाठी सिस्टरने एक शिस्त लावून दिली: सकाळी चहा झाला की ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची वडी), वीस मिनिटांनी कमोडवर. काकूंनी ती स्वतः घालायला शिकून घेतली. त्यांची अट अशी पूर्ण झाली. पावलासाठी स्प्लिंट, बसायला जाड उशी, दर दोन तासांनी बूड उचलायचं आणि शेकाची पिशवी घरातून हद्दपार.

लघवीसाठी कायमचा कॅथेटर ठेवला. यावर पुढे बोलतो.

पुढे काय झालं

आठव्या डोसनंतर काकू पहिल्यांदा आडव्या झोपल्या. वहीत त्या दिवशी सुनेने लिहिलं आहे: ‘आई रात्री ११ ते ५ झोपल्या. मी उठून दोनदा बघून आले.’ महिन्याने मॉर्फिन निम्म्यावर आलं. पावलाची ताकद तिनाच्या थोडी वर स्थिरावली. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत, मग जिन्याच्या तोंडापर्यंत. लघवी परत आली नाही.

दिवाळीत ऑर्डर घेतल्या नाहीत. पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “मोहन कमी पडलंय, चकली दगड होणार.” झालीही, असं सून सांगते.

कॅपेसायटाबिनचे तीन फेरे झाले. डिसेंबरमध्ये थंडी वाजून ताप आला: कॅथेटरमुळे लघवीतला जंतुसंसर्ग. आठ दिवस दवाखाना, केमो बंद.

जानेवारीच्या मध्यात सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागलं, उलट्या, एकाचे दोन दिसायला लागले. आजार पाण्यातून वर गेला होता आणि पाण्याची वाट अडत होती. न्यूरोसर्जनने शंटचा पर्याय ठेवला: डोक्यातलं जादा पाणी नळीने पोटात सोडायचं. डोकेदुखी हटते, आजार तिथेच राहतो. निर्णयाला अर्धा दिवस होता आणि काकू तेव्हा नीट बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. मुलगा करा म्हणत होता, काका नको म्हणत होते. सून म्हणाली, आईंना परत दवाखान्यात राहायचं नव्हतं, डिसेंबरमध्ये त्या तसं बोलल्या होत्या. शंट केला नाही. स्टेरॉईड वाढवलं, मॉर्फिन आणि उलटीचं औषध कातडीखालून दिलं.

घरी जमेल का याची भीती होतीच. वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे विनामूल्य ठेवून घेतात. मुलगा जाऊन बघूनही आला. पण नंतरचे दिवस शांत गेले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकू घरीच वारल्या. आमच्याकडे आल्यापासून पाच महिने आणि काही दिवस. शेवटचे बारा दिवस सोडले तर त्या संडासला स्वतः गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमधल्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. कंबरदुखीचे शेकडो पेशंट येतात, त्यात असा एखादा. पण ज्याला कधीही कर्करोग झाला होता, त्याची कंबरदुखी वेगळ्या रांगेत उभी करायला हवी. रात्री वाढणारी, आडवं पडल्यावर वाढणारी, दोन्ही पायांत जाणारी असेल तर लगेच. आणि एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘पूर्वी स्तनाचा कर्करोग’ हे शब्द असते, तर रेडिऑलॉजिस्टने काँट्रास्ट आपणहून दिला असता. चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते माहीतच नव्हतं, कारण काकूंनी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी तो आजार संपला होता. त्यासाठी आम्ही उपचार संपताना रुग्णाच्या हातात एक पानाचा सारांश द्यायला हवा होता. अकरा पानांची फाईल नव्हे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक आमचीच, आणि ती त्या आठवड्यातली. शुक्रवारी रात्री एमआरआयवर चित्र स्वच्छ होतं. कर्करोगाचा इतिहास, लक्षणं, मण्यांची माळ, सगळं जुळत होतं. पेशींचा पुरावा हवा होता हे खरं, पुढच्या औषधासाठी त्याचा उपयोगही झाला. पण रेडिएशन त्यासाठी अडवून ठेवायचं कारण नव्हतं. सोमवारी सुरू करून दुसरा नमुना मधल्या कुठल्याही दिवशी काढता आला असता. आम्ही कागद पूर्ण व्हायची वाट पाहिली आणि तोवर पाऊल एक पायरी उतरलं. ती पायरी नंतर पूर्ण भरून आली नाही.

प्रोटॉनबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. जानेवारीत आजार वर गेला तो आम्ही न झाकलेल्या भागात. खारघरला त्याच शुक्रवारी फोन करून निदान विचारायला हवं होतं. आम्ही आमच्या मनानेच उशीर होईल असं धरून चाललो. मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र पस्तावा नाही. दर आठवड्याला दोन सुया आणि त्यासाठी धायरीहून येणं-जाणं, हे काकूंनी मागितलेल्या गोष्टींत कुठे बसत नव्हतं.

कॅथेटरबद्दल पस्तावा आहे. ठरावीक वेळाने छोटी नळी घालून लघवी काढून टाकायची पद्धत काकू शिकू शकल्या असत्या. ज्या बाईने सपोझिटरी शिकून घेतली, ती आरसा धरून हेही शिकली असती. जंतुसंसर्ग कमी झाला असता, कदाचित केमो बंद पडली नसती. आम्ही विचारलंच नाही, कारण ५७ वर्षांच्या काकूंना हे जमणार नाही असं आम्हीच ठरवलं. आणि शंटबद्दल ऑक्टोबरमध्ये, त्या खुर्चीवर बसून सुनेला मोहन शिकवत होत्या तेव्हाच, बोलून ठेवायला हवं होतं.

आमच्या ओपीडीच्या केसपेपरवर आता तीन ओळी छापल्या आहेत: लघवी लागल्याचं कळतं का, धुताना हात लागलेला कळतो का, दोन्ही पायांत चमक येते का. बायका पहिल्यांदा नवऱ्याकडे बघतात आणि नवरे सांगतात, सगळं ठीक आहे. म्हणून सिस्टर त्या ओळींपाशी आली की थांबते आणि म्हणते, “काका, जरा खिडकीवरून या पेपरवर शिक्का मारून आणता का?” त्या पेपरला शिक्का लागत नाही. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत आहे. तो मारून देतो.